युनिक्सनं युनिक्सची केलेली नक्कल

जून १९९५मध्ये सोरेन श्मिट या डॅनिश प्रोग्रामरनी फ्रीबीएसडी या मोफत युनिक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, एक नवी भर घातली. सोबतच्या टिपणात त्यांनी मोकळेपणानं नोंदवलं होतं की काम अर्धवट आहे, सिग्नलची हाताळणी फारच कच्ची आहे, पण ठरवलेला पहिला टप्पा गाठला आहे. तो टप्पा म्हणजे डूम हा खेळ चालवणं. आयडी सॉफ्टवेअरनं डिसेंबर १९९३मध्ये डूम आणला तो डॉससाठी. पुढच्या वर्षी त्याच कंपनीतल्या डेव्ह टेलर यांनी तो लिनक्सवर नेला. त्याचा मूळ कोड तेव्हा जाहीर झालेला नव्हता, त्यामुळे फ्रीबीएसडीवाल्यांना तो आपल्यासाठी नव्यानं बांधून घेता येत नव्हता. खेळायचं असेल तर लिनक्ससाठी बांधलेली तयार फाइल, तिच्यातला एक बाइटही न बदलता, आपल्या कर्नलवर चालवायची एवढीच वाट उरली होती. श्मिट यांनी ती वाट काढली.

हौसेपोटी झालेलं काम म्हणून ते बाजूला सारता येत नाही. पुढच्या पाचसहा वर्षांत याच पायावर फ्रीबीएसडीत मॅथेमॅटिका चालली, ओरॅकलचा डेटाबेस चालला, एसएपी आर/३सारखं अवाढव्य व्यापारी सॉफ्टवेअरही चाललं. ही सगळी सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बांधलेली होती आणि त्यांतल्या कुठल्याही कंपनीनं फ्रीबीएसडीचा विचार केलेला नव्हता. युनिक्सचा इतिहास एरवी कोर्टकज्ज्यांचा आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो एका साध्या प्रश्नातून जास्त स्पष्ट दिसतो: कोणत्या वर्षी कोण कोणाचे प्रोग्राम चालवून दाखवायला धडपडत होतं?

मुळात ही धडपड करायची वेळ यावी हेच विचित्र होतं. युनिक्स १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवली, १९७३मध्ये ती सी भाषेत नव्यानं लिहिली गेली आणि त्यामुळेच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता आली. सरकारशी १९५६मध्ये झालेल्या तडजोडीमुळे एटी अँड टी या मातृकंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून युनिक्सचा मूळ कोड विद्यापीठांना नाममात्र पैशांत मिळत गेला. कॅलिफोर्नियात बर्कलीला तिची एक शाखा फुटली, ती बीएसडी. ऐंशीच्या दशकात सन, एचपी, डेक, आयबीएम, सिलिकॉन ग्राफिक्स या प्रत्येकानं आपापली युनिक्स काढली. नावं वेगळी, घराणं एक. आणि तरीही एकीसाठी बांधलेला प्रोग्राम दुसरीवर चालेना.

यावर तोडगा म्हणून १९८८मध्ये पॉसिक्स हे मानक आलं. पण पॉसिक्सनं ठरवलं ते सी भाषेतल्या पातळीवर: अमुक नावाचं फंक्शन असेल, त्यानं तमुक करावं. मूळ कोड हातात असेल आणि तो पुन्हा बांधता येत असेल, तर हे मानक उपयोगाचं. विकत आणलेल्या सीडीवर मात्र तयार बांधलेली बायनरी फाइल असते. तिच्यात फंक्शनांची नावं उरत नाहीत, उरतात ते आकडे. पॉसिक्सनं आकडे ठरवलेच नव्हते.

हे आकडे काय असतात, ते जरा जवळून बघायला हवं. कुठलाही प्रोग्राम स्वतःच्या हातानं डिस्क वाचत नाही की पडद्यावर लिहीत नाही. तो कर्नलकडे मागणी करतो. मागणीचा नंबर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ठेवायचा आणि कर्नलला जागं करायचं. बँकेत खिडकीच्या नंबरावरून काम ठरावं, तसं कर्नल फक्त नंबर बघतं. १ म्हणजे मला संपव, २ म्हणजे माझी दुसरी प्रत काढ, ३ वाच, ४ लिही, ५ फाइल उघड, ६ बंद कर. ३२ बिटांच्या लिनक्समध्ये आणि फ्रीबीएसडीमध्ये हे सहाही नंबर सारखेच आहेत, कारण ते १९७१च्या पहिल्या युनिक्सपासून तसेच चालत आले आहेत.

पुढे गेलं की मात्र वाटा फुटतात. लिनक्समध्ये ५५ म्हणजे उघडलेल्या फाइलची एखादी खूण वाचणं किंवा बदलणं. साधासुधा प्रोग्रामही हे सतत करत असतो. फ्रीबीएसडीत ५५ म्हणजे अख्खं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणं. आता समजा, कर्नलनं लिनक्सची फाइल चुकून आपलीच मानली आणि ती रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावानं चालत असेल, तर एका निरुपद्रवी मागणीचा अर्थ काय लागेल ते उघड आहे.

चुकांचे नंबरही वेगळे. लिनक्समध्ये ११ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळानं पुन्हा विचार’ आणि ३५ म्हणजे ‘दोघं एकमेकांची वाट बघत अडकलेत’. बीएसडीत हेच दोन अर्थ नेमके उलट: ११ म्हणजे अडकणं, ३५ म्हणजे पुन्हा विचार. भाषांतराविना पुढे गेलेला एक आकडा, आणि क्षणभर थांबायला हवा असा प्रोग्राम कायमचा अडकलो असं समजून हातपाय गाळून बसतो. सिग्नलांचं तेच. आपण सुरू केलेली उपप्रक्रिया संपली, हे सांगायला बीएसडी २० नंबरचा सिग्नल पाठवतं. लिनक्सच्या यादीत २० म्हणजे टर्मिनलवरून आलेला थांबण्याचा हुकूम. चूक झाली हे कळवायची रीतही निराळी. लिनक्स उत्तराच्या जागी उणे आकडा ठेवतं, बीएसडी आकडा अधिकच ठेवून प्रोसेसरमधला कॅरी नावाचा एक बिट वर करतं. म्हणून एकेका मागणीपाशी थांबून येणाऱ्या खुणा बदलायच्या, काम आपल्या कर्नलकडून करून घ्यायचं आणि जाणाऱ्या उत्तराच्या खुणा पुन्हा बदलायच्या. प्रोसेसर दोन्हीकडे इंटेलचाच असल्यानं प्रोग्रामच्या सूचनांची नक्कल करावी लागत नाही, त्या थेट धावतात. म्हणूनच या पद्धतीत वेगाचं नुकसान जवळपास नसतं.

या कामातले पहिले धडे मात्र श्मिट यांच्याआधी लिनक्सच्या लोकांनी गिरवले होते, आणि तेव्हा नक्कल होत होती ती एससीओची. सांताक्रूझ ऑपरेशन ही कॅलिफोर्नियातली कंपनी १९७९मध्ये लॅरी आणि डग मायकेल्स या पितापुत्रांनी काढली. मायक्रोसॉफ्टची झेनिक्स आणि नंतर स्वतःची एससीओ युनिक्स तिनं साध्या पीसीवर आणली. नव्वदच्या दशकात दुकानं, दवाखाने, कारखाने अशा ठिकाणी एका पीसीला पाचदहा टर्मिनल जोडून हिशेब चालत, ते बहुधा एससीओवर. आपल्याकडच्या बँकांच्या शाखांमध्येही ती आली. सॉफ्टवेअर कंपन्या पीसीवरच्या युनिक्ससाठी काही विकत, तर ते एससीओसाठी असे. वर्डपरफेक्ट एससीओवर होता. लिनक्सवर कोण देणार? लिनक्स १९९१मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टॉरवाल्ड्सनं सुरू केली होती आणि तिची १.० आवृत्ती मार्च १९९४मध्ये आली.

इंटेलच्या यंत्रांवरच्या युनिक्सांनी बायनरी पातळीवर एकमेकींशी जुळावं यासाठी आयबीसीएस नावाचं एक मानक होतं. माइक जॅगडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आधारानं लिनक्ससाठी एक कर्नल मोड्यूल उभं केलं. त्याला कॉफ या जुन्या प्रकारच्या फाइली उघडाव्या लागत, कारण लिनक्सला तो प्रकार ठाऊक नव्हता. एका बाबतीत काम सोपं होतं. एससीओचे प्रोग्राम कर्नलला हाक मारायला वेगळा दरवाजा वापरत. लिनक्समध्ये त्यासाठी ८० हा सोळा-आधारी नंबरचा इंटरप्ट होता, तर एससीओ ज्या घराण्यातली त्या एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्ह युनिक्सच्या परंपरेत कॉल गेट नावाची प्रोसेसरची दुसरीच सोय वापरली जाई. हाक कुठून आली यावरूनच ओळख पटे. अवघड भाग होता तो एससीओच्या सामायिक लायब्ररींचा. पुष्कळ प्रोग्राम त्यांच्यावाचून सुरूच होत नसत आणि त्या फाइली एससीओच्या परवान्याखाली होत्या. ही गोष्ट तेव्हा किरकोळ अडचण वाटली. आठनऊ वर्षांनी तिनं वेगळंच रूप घेतलं.

म्हणजे १९९४ साली चित्र असं: एससीओ पुढे, आणि लिनक्स तिचे प्रोग्राम चालवून दाखवून ‘मलाही कामाला घ्या’ म्हणते आहे. एका वर्षात वारं फिरायला लागलं. १९९५मध्ये फ्रीबीएसडीत श्मिट आणि नेटबीएसडी या तिच्या भावंडात फ्रँक व्हान डर लिंडन हे दोघं लिनक्सची नक्कल उभी करत होते. बीएसडीच्या लोकांना हे मनातून जड गेलं असणार. त्यांचं घराणं थेट बर्कलीचं. पण १९९२ ते १९९४ या मोक्याच्या काळात एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीनं लावलेल्या खटल्याची टांगती तलवार त्यांच्या कोडवर होती, आणि नेमक्या त्याच काळात लोक लिनक्सकडे वळले. नेटस्केपची प्लगइन, रिअलप्लेअर, अॅक्रोबॅट रीडर, स्टारऑफिस हे सगळं पुढे लिनक्ससाठी येत गेलं. बीएसडी वापरणाऱ्याला आपली आवडती यंत्रणा सोडायची नसेल, तर श्मिट यांच्या कामावाचून गत्यंतर नव्हतं. माझ्या मते ही या कामाची खरी किंमत आहे. त्यामुळे लोकांना आपण निवडलेल्या यंत्रणेवर राहता आलं.

फ्रीबीएसडीनं यात जी युक्ती केली ती मला विशेष सुंदर वाटते. लिनक्सचा प्रोग्राम सुरू झाला की त्या प्रक्रियेला कर्नल मागण्यांचा वेगळा तक्ता जोडून देतं. शेजारी चाललेल्या फ्रीबीएसडीच्या प्रोग्रामला आपला तक्ता, याला लिनक्सचा; कर्नल एकच. शिवाय या प्रोग्रामनं कुठलीही फाइल मागितली, की ती आधी कॉम्पॅटमधल्या लिनक्स या फोल्डरात शोधली जाते आणि तिथं नसेल तरच खऱ्या जागी. त्या फोल्डरात रेड हॅट या लिनक्सच्या लायब्ररी आणून ठेवल्या जात. प्रोग्रामला वाटतं, मी लिनक्सच्या घरात आहे. सी लायब्ररी त्याला तिथलीच मिळते, वापरकर्त्याच्या फाइली मात्र जिथल्या तिथं दिसतात.

राहिला प्रश्न ओळखीचा. दोन्ही यंत्रणा पुढे ईएलएफ या एकाच प्रकारच्या फाइली वापरू लागल्या आणि इंटरप्टही एकच झाला, त्यामुळे दरवाज्यावरून ओळखणं संपलं. ईएलएफ फाइलीच्या सुरुवातीला कोणत्या यंत्रणेसाठी बांधली ते सांगणारा एक बाइट असतो. लिनक्सच्या बहुतेक फाइलींत तिथं शून्यच असे. सामायिक लायब्ररी वापरणाऱ्या फाइलीत लिनक्सच्या लोडरचं नाव सापडतं, त्यावरून काम भागे. स्वयंपूर्ण बांधलेल्या फाइलीत तेही नसे. मग पडद्यावर तक्रार यायची की शून्य प्रकारची ही ईएलएफ फाइल मला माहीत नाही, आणि प्रोग्राम तिथल्या तिथं कोसळायचा. त्यासाठी ब्रँडईएलएफ नावाचा छोटा प्रोग्राम होता: त्यानं फाइलीवर ‘लिनक्स’ असा शिक्का मारायचा आणि ती पुन्हा चालवायची.

नेटबीएसडीच्या मंडळींनी तर सन, अल्ट्रिक्स, एचपी-यूएक्स, ओएसएफ/१, एससीओ अशा कितीतरी युनिक्सांचे थर आपल्या कर्नलमध्ये रचले. त्यांतलं सर्वांत धाडसी काम एमॅन्युएल द्रेफ्यूस यांचं. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सचे प्रोग्राम चालवायचं मनावर घेतलं. आयरिक्समध्ये अनेक प्रक्रिया सगळी स्मृती वाटून घेतात, पण तिच्यातलं एक पान मात्र प्रत्येकीचं खासगी असतं. अशी सोय नेटबीएसडीत नव्हतीच. ती नव्यानं घडवावी लागली. त्यानंतर त्यांनी मॅकच्या डार्विनलाही हात घातला. दोन्ही थर पुढे नेटबीएसडीतून काढून टाकण्यात आले. वापरणारे थोडे उरले आणि प्रत्येक थर सांभाळायला माणूस लागतो. काम वाया गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. बाहेर कुठंही न सांगितलेल्या आयरिक्सच्या अंतर्गत रचना द्रेफ्यूस यांनी शोधल्या आणि लेख लिहून सगळ्यांपुढे ठेवल्या.

इकडे एससीओची पाळी आली. युनिक्सचा मूळ धंदा एटी अँड टीकडून १९९३मध्ये नॉव्हेलकडे आणि १९९५मध्ये नॉव्हेलकडून एससीओकडे गेला होता. कागदावर एससीओ घराण्याची वारसदार झाली, आणि १९९७च्या सुमाराला तिच्याच कंपनीतले मायकेल डेव्हिडसन एलएक्सरन नावाचा प्रोग्राम लिहीत होते. त्याचं काम, एससीओवर लिनक्सचे प्रोग्राम चालवणं. कर्नलला हात न लावता, लिनक्सची हाक आली की ती वरच्या वर पकडायची आणि भाषांतर करून पुढे पाठवायची. पुढे एलएक्सरन सनच्या सोलारिसवरही नेण्यात आला. २००१मध्ये लिनक्स विकणाऱ्या कॅल्डेरा या कंपनीनं एससीओचा युनिक्स विभाग घेतला आणि त्याच वर्षी आलेल्या ओपन युनिक्स ८मध्ये लिनक्सच्या प्रोग्रामांसाठी कर्नलमध्येच सोय केली. एससीओची नक्कल करणाऱ्या लिनक्सची नक्कल आता एससीओचे वारस करत होते. अवघ्या सात वर्षांत पारडं पूर्ण फिरलं होतं.

कॅल्डेरानं स्वतःचं नाव बदलून एससीओ ग्रुप केलं आणि जानेवारी २००३मध्ये जाहीर केलं की लिनक्सवर आमच्या जुन्या सामायिक लायब्ररी वापरणाऱ्यांनी त्यांचा परवाना घ्यावा. आयबीसीएसच्या दिवसांतली ती अडचण अशी वर आली. मार्चमध्ये कंपनीनं लिनक्सवरूनच आयबीएमवर खटला भरला. डिसेंबरमध्ये कंपनीनं युनिक्सच्या परवानाधारकांना पत्रं पाठवली. त्यांत लिनक्समधल्या काही हेडर फाइली आमच्या आहेत असा दावा होता. त्या फाइलींत चुकांचे नंबर आणि सिग्नलांचे नंबर होते. म्हणजे भांडण आलं ते थेट या आकड्यांवर. टॉरवाल्ड्स यांनी उत्तर दिलं की यांतल्या फाइली मी माझ्या हातानं लिहिल्या आहेत, आणि कशा लिहिल्या तेही सांगितलं. जुने आकडे बहुतेक युनिक्सांमध्ये सारखे आहेत हे खरं, पण ते सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनचे. आणि त्या आवृत्तीचा मूळ कोड खुद्द कॅल्डेरानंच जानेवारी २००२मध्ये मुक्त परवान्याखाली जाहीर केला होता. धंदा विकला गेला तरी युनिक्सचे कॉपीराइट नॉव्हेलकडेच राहिले होते, असा निकाल २०१०मध्ये ज्यूरीनं दिला. एससीओ ग्रुप त्याआधी २००७मध्येच दिवाळखोरीत गेली होती. इतरांचे आकडे समजून घेऊन त्यांच्याशी जुळवून घेणं हा गुन्हा ठरला असता, तर इथं सांगितलेलं सगळंच काम गुन्ह्यात जमा झालं असतं. तसं झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे.

सननं २००७मध्ये सोलारिस १०मध्ये लिनक्सच्या प्रोग्रामांसाठी वेगळी खोलीच बांधली, २०१०मध्ये ओपनसोलारिसमधून ती पाडण्यात आली, आणि काही वर्षांनी जॉयंट या कंपनीनं तीच नव्यानं उभारली. मायक्रोसॉफ्टनं २०१६मध्ये विंडोजच्या कर्नलमध्ये लिनक्सच्या मागण्यांचं भाषांतर करणारा थर घातला. डॉकरसारखी सॉफ्टवेअर त्यावर चालेनात आणि फाइलींचं काम संथ पडे. २०१९मध्ये नक्कल बाजूला ठेवून त्यांनी खरं लिनक्स कर्नलच आभासी यंत्रात घालून दिलं.

फ्रीबीएसडी नकलेच्या वाटेवर अजून आहे, आणि ही वाट दर वर्षी चढाची होते. लिनक्सची सी लायब्ररी सुरू होतानाच विचारते, तुझ्या कर्नलची आवृत्ती कोणती? उत्तर फार जुनं असेल, तर कर्नल फार जुनं आहे म्हणून ती तिथंच थांबते. त्यामुळे फ्रीबीएसडीच्या कर्नलला आपण लिनक्सची अमुक आवृत्ती आहोत असं सांगावं लागतं, आणि त्या आवृत्तीला जे जे येतं ते करूनही दाखवावं लागतं. बरीच वर्षं ते २.४.२ असं सांगत असे. रोमान दिवाट्स्की या विद्यार्थ्यानं २००६च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये २.६च्या मालिकेचं अवघड काम अंगावर घेतलं, आणि २००९मधल्या फ्रीबीएसडी ८.०पासून उत्तर २.६.१६ झालं. आवृत्ती १४मध्ये ते ५.१५.० आहे.

६४ बिटांच्या प्रोग्रामांसाठीचा थर दिमित्री चागिन यांनी २०१५मध्ये आणला. तिथं जुना तक्ता कामाचा नव्हता, कारण ६४ बिटांच्या इंटेल यंत्रांवर लिनक्सनं सगळे नंबर नव्यानं लावले आहेत: वाचणं ०, लिहिणं १, उघडणं २, बंद करणं ३, नवी प्रत ५७, संपवणं ६०. एआरएमच्या ६४ बिटांच्या यंत्रांवर क्रम आणखी वेगळा, तिथं वाचणं ६३ आणि लिहिणं ६४, आणि जुन्या पद्धतीचं साधं उघडणं तर यादीतच नाही. १९७१चे आकडे लिनक्सनं तिथं सोडून दिले. फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या तक्त्यात मात्र, यंत्र कुठलंही असो, वाचणं अजून ३ आणि लिहिणं ४ आहे. लिनक्ससाठीचे तक्ते त्याच्या शेजारी वेगळे लिहिलेले आहेत, आणि कॉम्पॅट फोल्डरात उबुंटूसारखं अख्खं लिनक्स उतरवून ते त्या तक्त्यांवर चालवता येतं.